गाडी भरायची तर मेसेज आखूड लिहा
रावेरला केळीच्या गाड्या भरून देतो मी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं पडायची आणि ऑर्डर त्याखाली गाडली जायची. म्हणून ग्रुप दोन करा: फुलांचा वेगळा, कामाचा वेगळा. कामाच्या मेसेजात आधी गाव, मग बाग, माल, वेळ: 'सावदा, नाल्याकाठची बाग, ८० क्विंटल, १२ तारीख, पहाटे ५.' तारीखच लिहा. मी एकदा 'उद्या' लिहिलं, मजुरांनी ते रात्री बारानंतर वाचलं, गाडी दिवसभर रिकामी उभी! आकडा चुकला तर १५ मिनिटांत एडिट होतो; नंतर सरळ फोन लावा. मेसेज कोणी वाचला ते 'इन्फो'त दिसतं. पण निळी टिक म्हणजे होकार नव्हे, भाऊ. 'निघालो' एवढं उत्तर मागून घ्या.