'मुद्दाम केलं असणार' असं वाटलं की मी काय करते

माझा स्वभाव मुळात संशयी. एकदा रात्री जागून लिहिलेला मसुदा सहकाऱ्याला पाठवला. उत्तर आलं, 'पाहिलं.' बस्स, एवढंच. त्या एका शब्दावर मी दोन दिवस गाल फुगवून होते. तिसऱ्या दिवशी कळलं, तो दवाखान्यात रांगेत उभा होता. एका खांद्यावर तापलेलं पोर, दुसऱ्या हातात फोन.

तेव्हापासून राग आला की आधी कागद घेते. मधे उभी रेघ. डावीकडे फक्त घडलेलं लिहायचं, उजवीकडे आपण जोडलेलं. त्या दिवशीचं नंतर मांडलं, तर डावा रकाना: 'पाहिलं.' उजवा: आवडलं नाही, मला किंमत देत नाही, मागच्या मीटिंगचा राग काढतोय... सात ओळी भरल्या. हे मनातल्या मनात करू नका, तिथे रेघ पुसट होते.

मग तो मेसेज साध्या आवाजात मोठ्याने वाचा. लेखी शब्दाला सूर नसतो, तो आपणच लावतो. क्रुगर, एप्ली वगैरे मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं, की ईमेलमधला उपरोध समोरच्याला कळेल असं पाठवणाऱ्यांना जितकं वाटत होतं, त्यापेक्षा तो बराच कमी कळला.

तरीही खटकलं तर विचारा, पण 'का'ने नको. 'असं का लिहिलंस?' म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. मी विचारते, 'मसुद्यात काही राहिलंय का रे?' शक्यतो फोनवर.

आता, चांगला हेतू धरायचा म्हणजे झालेलं नुकसान गिळायचं असं नाही. चुकून पाय दिला तरी दुखतंच. 'दुखलं' म्हणायचं, 'मुद्दाम दिलास' म्हणायचं नाही. आणि स्पष्ट सांगूनही तीच गोष्ट तिसऱ्यांदा झाली, तर मी हेतूचा विचार सोडून देते आणि सरळ आपलं काम दुसऱ्याकडे नेते. तेवढा संशय मी राखून ठेवलाय.

परवा त्याचं पुन्हा आलं, 'पाहिलं.' कागद घेतलाच. उजवीकडे दोन ओळी झाल्या.