पिऊन गाडी चालवण्याबद्दल शाळेत बोलायला जाण्याआधी

तारखेपासून सुरुवात करा. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सगळीकडे असतात, घोषणा ऐकून मुलं कंटाळलेली असतात, तो महिना सोडा. गटारीच्या आधीचा आठवडा धरा. आषाढ अमावास्येला गच्चीवर, खडकवासल्याला, मुळशीच्या बाजूला बसायचे बेत ठरतात आणि परतताना कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे धाकटा भाऊ असतो. शाळा सुरू असते, परीक्षा लांब असते. ते जमलं नाही तर थर्टी फर्स्टच्या आधीचे दोन आठवडे, पण तेव्हा स्नेहसंमेलनाच्या तालमी नाहीत ना ते विचारून घ्या. शेवटचा तास घेऊ नका. चार तुकड्या एका हॉलमध्ये बसवायचं सोयीसाठी सुचवलं जाईल, तिथे अडून बसा: एका वेळी एकच तुकडी, आणि जोडतास. अर्ज, प्रोजेक्टर, वायर वगैरे तुम्हाला कळतंच.

आता जे मागच्या वेळी माझ्याकडून राहिलं ते. वर्गशिक्षकांशी आधी बोला. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली म्हणजे हे झालं असं समजू नका. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय हे वर्गशिक्षकांना ठाऊक असतं. कुणाचा भाऊ अपघातात गेलाय, कुणाचे वडील रोज पिऊन गाडीवरून घरी येतात, कुणाच्या काकांनी एखाद्याला उडवलंय आणि आता केस सुरू आहे. तुम्हाला नावं कळायची गरज नाही, विचारूही नका. एवढंच म्हणा, की अमुक दिवशी मी या विषयावर बोलणार आहे, तर अशा मुलांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन कल्पना द्या. ज्याला बसायचं नसेल त्याला लायब्ररीत जाता येईल, सोबत मित्र किंवा मैत्रीण नेता येईल, आणि त्यावर कुणी काही विचारणार नाही. मी हे न करता गेले आणि थेट अपघाताचे फोटो लावले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तास संपेपर्यंत दप्तराची चेन उघडत-लावत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही. फोटो त्यामुळे यादीतून काढून टाका. रक्त बघून मुलं दचकतात, मोबाइलवर त्याहून वाईट पाहिलेलं असतं म्हणून लगेच विसरतात, आणि ज्याच्या घरचं कुणी गेलंय तो मात्र आठवडाभर झोपत नाही. आणि ‘कुणाकुणाच्या घरी पितात, हात वर करा’ हे कधीही, कुठल्याही वर्गात विचारू नका.

समोर कोण बसणार आहे याचाही विचार घरून करून जा. नववी-दहावीतली बरीच मुलं गाडी चालवत नाहीत, ती मागे बसतात. दादाच्या मागे, काकांच्या मागे, लग्नाहून परतताना मामाच्या कारमध्ये. ‘तुम्ही पिऊन चालवू नका’ एवढंच सांगून तास संपवलात, तर त्यातल्या बहुतेकांना ते दहा वर्षांनी लागू होणारं वाटतं. पिऊन आलेला माणूस चावी हातात घेऊन ‘चल, बस’ म्हणतो तेव्हा काय करायचं, हे त्यांना आत्ता लागतं. निम्मा वेळ यासाठी राखून ठेवा.

कायदा थोडक्यात, पण बिनचूक. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. इथे एक मुलगा हमखास विचारणार, ‘म्हणजे किती पेग चालतात?’ उत्तर देऊ नका. वजन किती, पोटात काय आहे, किती वेळात प्यायलं, यावर प्रमाण बदलतं, आणि तुमच्या तोंडून ‘एक’ असा आकडा निघाला की तो परवाना म्हणून घरी जातो. अल्पवयीनांचं कलम 199अ मात्र सावकाश सांगा. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘सोळाव्या वर्षी चालतं की’ असं कुणी म्हणेलच. ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतं आहे. घरातली पेट्रोलची स्कूटर सहसा शंभराच्या वर असते.

गॉगल नेऊ नका, ते नशेसारखं अंधुक दाखवणारे. मुलं धडपडतात, बाकीची खिदळतात, आणि ‘मजा येते’ हेच लक्षात राहतं. त्याऐवजी 30 सेंटिमीटरची पट्टी न्या. एकाने वरून धरायची, दुसऱ्याने शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची, सुटली की पकडायची. 20 सेंटिमीटरवर पकडली तर 0.2 सेकंद गेले, हे दहावीची मुलं गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रावरून स्वतःच काढतात. मग पकडणाऱ्याला शंभरातून सात-सात मोठ्याने वजा करायला लावा आणि पुन्हा सोडा. पट्टी निसटते, नाहीतर बरीच खाली पकडली जाते. इथे डोक्यावर नुसता हिशेबाचा भार आहे, दारूचा थेंबही नाही. त्यानंतर खडू घेऊन सगळ्यांना व्हरांड्यात न्या. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. ब्रेकपर्यंत हात जायला अर्धा सेकंद उशीर झाला तर साडेपाच मीटर, तेवढी रेघ मुलांकडूनच मारून घ्या. ताशी 60 ला आठ मीटरच्या वर. एक जण रेघेच्या या टोकाला, एक त्या टोकाला उभा केला की वर्ग आपोआप गप्प होतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. नंतर सांगा, की दारू सगळ्यात आधी ‘मी ठीक आहे का’ हे ओळखायची ताकद घालवते, त्यामुळे प्यायलेल्या माणसाला विचारून काही कळत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, उलटी, यातल्या एकानेही रक्तातली दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच वेगाने काम करतं. रात्री उशिरापर्यंत प्यायलेला माणूस पहाटे सिंहगडाला निघतो तेव्हा आंघोळ झालेली असते, पण दारू उतरलेली असेलच असं नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताचा विषय मुलं काढणारच. न वाचता जाऊ नका. 19 मे 2024 ची पहाट, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे कार, मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, दोघंही चोविशीतले. जामिनाच्या अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक. निबंधावरून वर्ग चिडतो. चिडू द्या, तो राग खरा आहे, त्याला गप्प करू नका. सीसीटीव्हीचा व्हिडिओ मात्र लावू नका, कारण वर लिहिलंच आहे. राग ओसरला की एवढंच विचारा: गाडीत त्याचे मित्रही होते, त्यांच्या जागी तुम्ही असता तर कुठल्या क्षणी उतरला असता, आणि काय म्हणून?

इथून सरावाकडे या. ‘पिऊन आलेल्याच्या गाडीवर बसू नका’ हे वाक्य मोठ्या माणसापुढे उभं राहिल्यावर कामाचं नसतं. मोठ्यांना उलट बोलायची सवय नसलेल्या मुलांना तयार वाक्यं लागतात. ती त्यांच्याकडूनच लिहून घ्या, दोघादोघांत म्हणून घ्या. ‘काका, मला मळमळतंय, मी थोडं चालतो.’ ‘आई घ्यायला येतेय, तिला सांगून झालंय.’ ‘दादा, माझं पुस्तक वर राहिलं, तू हो पुढे.’ खोटं बोलायला शिकवताय अशी कुणी तक्रार केली तर करू दे. वाटेत उतरायची वेळ आली तर पेट्रोल पंप, बस स्टॉप, सोसायटीचं गेट, म्हणजे जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे. घरचा एक नंबर पाठ हवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. आणि यासाठी पालकांना आधी चिठ्ठी द्या, डायरीत सहीसकट: मुलाने रात्री फोन केला तर आधी न्यायला येऊ, प्रश्न दुसऱ्या दिवशी. ही सही नसेल तर मूल फोन करणार नाही, ओरडा खाण्यापेक्षा त्या गाडीवर बसेल. सगळ्या सह्या येणार नाहीत. ज्यांच्या येत नाहीत त्यांच्यासाठी मावशी, शेजारी, क्लासच्या बाई, कुणीतरी एक मोठं माणूस त्या मुलाकडूनच ठरवून घ्या. ती मुलं कोणती, हे पुन्हा वर्गशिक्षकांनाच ठाऊक. बोललात ना त्यांच्याशी?

बाकीचं भराभर. अपघात दिसला तर 112 किंवा 108. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिलंय. प्रश्नांसाठी बिननावाच्या चिठ्ठ्या आणि एक डबा. घरचं काही लिहिलेली चिठ्ठी मोठ्याने वाचू नका, आधी सगळ्या स्वतः चाळा. वर्गशिक्षक तासभर वर्गातच हवेत, तपासायच्या वह्या घेऊन स्टाफरूममध्ये नकोत. समुपदेशक असतील तर त्यांनाही बसवा, नसतील तर फळ्यावर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. शपथ, घोषणा, ग्रुप फोटो नको. तास संपल्यावर लगेच निघू नका. पाण्याच्या नळापाशी दहा-पंधरा मिनिटं उगाच थांबा, ज्याला बोलायचंय तो तिथे येतो. आणि वर्गशिक्षकांना अजून फोन केला नसेल तर तारीख पुढे ढकला.