स्पेस ऑपेरातल्या कारस्थानी राजाची सोबतीण लिहायची कशी

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे हे सगळं का लिहितोय ते कळेल. माझ्या स्पेस ऑपेरात, म्हणजे अंतराळातल्या राज्यांच्या आणि लढायांच्या कादंबरीत, सात चंद्रांवर राज्य करणारा एक महाबिलंदर महाप्रशासक आहे, चक्रधर नाव त्याचं, आणि त्याच्याबरोबर लहानपणापासूनची गोदा. पहिल्या खर्ड्यात साठ पानं गोदा आपली सिंहासनाशेजारी उभी, काम काय तर दर दोन पानांनी विचारायचं, "सरकार, आता पुढे काय करायचं?" की लगेच सरकार अख्खा प्लॅन ओकणार. इथे नाशिकला कॉलेज रोडला चहा पिताना मित्राला वाचायला दिलं, त्याने वीसेक पानं चाळली आणि म्हणाला, "भाऊ, ही बाई नुसती माइक धरून उभी आहे रे." दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही, पण त्याचं बरोबर होतं.

तर पहिली गोष्ट, तिला काम द्या. पदवी नाही, काम. "राजाची विश्वासू सल्लागार" ही पदवी झाली, त्यातून एकही सीन निघत नाही. कारस्थान म्हणजे शेवटी काय, कोणाला काय कधी कळतं याचा खेळ, मग त्या खेळातली एखादी अशी जागा तिला द्या की ती एक दिवस तापाने झोपली तर राजाचा डाव अडकला पाहिजे. जेवण आधी चाखणारी, किल्ल्या सांभाळणारी, राजाची सही हुबेहूब करणारी, काहीही चालेल. मी गोदाला निरोपखान्यात बसवलं, येणारा-जाणारा प्रत्येक निरोप तिच्या हातून.

हे मला सुचलं गंगापूर रोडवर, आनंदवलीच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना. आपण रोज तिथून जातो आणि विसरतो की हे गाव आनंदीबाईंच्या नावाचं, राघोबादादांनी इथे वाडा बांधला होता. आणि आनंदीबाई म्हटलं की शाळेतल्या पोरालाही एकच गोष्ट आठवते, ध चा मा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं, आणि लोक सांगतात की मूळ चिठ्ठीत "धरावे" होतं, बाईंनी त्याचं "मारावे" केलं. आता ही आख्यायिका आहे, बाईंनी खरंच तसं केलं याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही, आणि माझं स्वतःचं मत असं की नवऱ्याचं पाप बायकोच्या खात्यावर टाकायला आपल्याकडे कोणालाच फार पुरावा लागत नाही. पण लिहिणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते हे, की अडीचशे वर्षांनी लोकांच्या तोंडी काय राहिलं तर राघोबादादांचे डावपेच नाही, त्यांच्या सोबतीणीने बदललेलं एक अक्षर.

आता हेच अंतराळात न्या, तिथे तर मजाच आहे. प्रकाशाला सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला साधारण आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत जायला चार तासांच्या वर, म्हणजे ट्रॅफिक धरून आपण नाशिकहून मुंबईला पोचतो तेवढा वेळ. सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब. म्हणजे राजाने "हल्ला करा" म्हटलं तर हुकूम पोचायला चार तास, उत्तर यायला चार तास, आणि या आठ तासांत राजा जेवतो, चिडतो, झोपतो. जागं कोण असतं? सोबतीण! बरेच जण या उशिराचा कंटाळा करतात आणि कुठलं तरी जादूचं यंत्र आणून निरोप झटक्यात पोचवतात, तुम्ही नका करू, तो उशीर म्हणजेच तिचं राज्य आहे.

आता नमुना देतो, हा दुसऱ्या खर्ड्यातला. बंडखोरांचं आरमार नेपच्यूनएवढ्या अंतरावर, आणि चक्रधरने सांगून ठेवलंय की सकाळी सहापर्यंत शरणागती आली नाही तर त्यांचा तळ उडवायचा.

पहाटे तीनला निरोप आला. गोदाने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि चहाचं आधण ठेवलं. पडद्यामागून आवाज आला, "काही आलं का गं?"
"नाही. झोप तू."
चहा उकळून निम्मा झाला तरी तिने गाळला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी तिने निरोपावर वेळ टाकली, ती खरी टाकली, आणि कागद त्याच्या उशाशी नेऊन ठेवला.
"आपण सांगाल तसं," ती म्हणाली.
तो कागदाकडे बघतच नव्हता. "आपण?" तो म्हणाला.

बघा, निरोपातला एक शब्द तिने बदलला नाही, तीन तास दाबून ठेवला एवढंच. तिने तसं का केलं ते मी तिथे लिहिलं नाही, लिहायचंही नाही, तीन प्रकरणांनी कळतं की त्या तळावर तिच्या भावाला मारणारा माणूस होता. सीनमध्ये तुम्ही तिच्या डोक्यात शिरून कारण सांगितलंत की वाचकाचं काम संपलं, मग तो मोबाइल बघतो.

आणि त्या "आपण"कडे लक्ष द्या, कारण हे हत्यार मराठीत फुकट मिळतं आणि आपण ते वापरतच नाही. गोदा चारचौघांत चक्रधरला "सरकार" म्हणते, एकट्यात "तू", कारण दोघं एकाच चाळीत, म्हणजे एकाच स्पेस स्टेशनच्या एकाच गल्लीत वाढलेत. एकट्यात ती "आपण" म्हणाली की त्याला कळतं काहीतरी बिनसलंय. भांडणाचा पानभर संवाद एका सर्वनामात होतो. इंग्रजी वाचून वाचून आपली पात्रं सगळ्यांना सरसकट "तुम्ही" म्हणतात आणि मग सगळा दरबार बँकेच्या काउंटरसारखा वाटतो. लिहायला बसण्याआधी एका कागदावर लिहून काढा, कोण कोणाला कुठे काय म्हणतं, आणि ते कुठे मोडणार.

स्पेस ऑपेरा हा शब्दच मुळात टोमणा आहे, १९४१ मध्ये विल्सन टकर या अमेरिकन विज्ञानकथा लेखकाने रद्दड अंतराळकथांसाठी काढलेला, रेडिओवरच्या साबण कंपन्यांच्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणायचे त्या धर्तीवर. त्यामुळे घरगुती भांडणं घातली म्हणून लाजायचं काही कारण नाही, खानदानी परंपरा आहे ती.

आता अवघड भाग. कारस्थानी कोण, राजा की ती? इथे पंचवटी आठवा. राम आपल्या गावात येऊन राहिला कशामुळे, तर मंथरेमुळे. आणि वाल्मीकींकडे गंमत अशी की रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी खूश होते, मंथरेला दागिना काढून देते, मंथरा तो फेकून देते आणि मग बोलायला लागते. म्हणजे राणीच्या मनात तेव्हा काही नव्हतंच! तुमची सोबतीण यापैकी कुठे बसते ते ठरवा, राजाचा डाव पुढे नेणारी, त्याच्या डावात स्वतःचा छोटा डाव घुसवणारी, की डाव मुळात तिचाच आणि राजाला वाटतं आपला. मला मधली आवडते, कारण तिसरी लिहायला गेलं की राजा बावळट होतो आणि बावळट राजाची भीती वाटत नाही. प्रेमप्रकरण असेल तर असू द्या, पण "ती त्याच्यावर प्रेम करते म्हणून सगळं सहन करते" हे उत्तर लिहिणाऱ्याच्या आळसाचं असतं, तिला या नोकरीतून मिळतं काय ते नीट पैशापाण्यासकट ठरवा. गोदाला स्टेशनवरच्या तिच्या गल्लीचा ऑक्सिजन कर माफ आहे, बास, एवढ्यासाठी ती वीस वर्षं टिकली.

शेवटी बहुतेक जण सोबतीणीला मारतात, राजाला रडवायला. तसं करण्याआधी दोनदा विचार करा. राघोबादादा १७८३ ला कोपरगावला वारले, आनंदीबाई त्यांच्यानंतर दहाएक वर्षं होत्या, त्या वर्षांबद्दल आपल्याला कोणी गोष्टी सांगत नाही. मी सध्या त्याच जागी अडकलोय, चक्रधर मेलाय, गोदा निरोपखाना आवरतेय, आणि त्याच्या नावाने निरोप अजून येतायत, कारण चार तासांपूर्वी तिकडून ज्यांनी ते पाठवले त्यांना तो गेल्याचं माहीतच नाही, आणि आलेल्या निरोपाला उत्तर द्यायची तिला वीस वर्षांची सवय आहे.