चिनी मातीच्या तुकड्यांतून पारंपरिक मूर्तीचे नवे रूप : मोझेक शिल्प कसे घडवावे

मातीचा घोडा, बसलेला पक्षी, घडा घेतलेली स्त्री अशा पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या जाणाऱ्या मूर्ती आपण त्यांच्या बाह्याकारावरूनच ओळखतो. मोझेकमध्ये, म्हणजे टाइल व भांड्यांचे तुकडे जोडून चिकटवताना, त्यांना नवे रूप देताना हा बाह्याकार जपावा आणि बारीक कोरीवकाम निःसंकोच सोडून द्यावे. चंडीगढच्या रॉक गार्डनमध्ये शिल्पकार नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्या लावून घडवलेल्या आकृत्यांचे चेहरे अगदी साधे आहेत, तरीही त्या जिवंत वाटतात. मात्र जुनी मूळ मूर्ती आधार म्हणून कधीही वापरू नये. ती केवळ नमुना म्हणून समोर ठेवावी.

येथे घोड्याचे उदाहरण घेऊ. पहिल्या प्रयत्नासाठी सुमारे 40 सेंमी उंची योग्य ठरते, कारण त्याहून लहान आकारात तुकडे फारच बारीक करावे लागतात.

सर्वांत महत्त्वाचे काम मापाचे आहे आणि नेमके तेच घाईत राहून जाते. टाइलची जाडी 5 मिमी आणि तिच्याखालचे ॲडेसिव्ह 3 मिमी धरले, तर प्रत्येक बाजूने 8 मिमीची भर पडते. म्हणजे 40 मिमी जाडीचा पाय 56 मिमीचा होतो आणि दोन पायांमधली 40 मिमीची मोकळी जागा 24 मिमीवर येते. सुबक सांगाड्यावर घडवलेला घोडा शेवटी बोजड दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून समोरून आणि बाजूने पूर्ण मापाची चित्रे काढावीत, अंतिम रेषेच्या 8 मिमी आत गिलाव्याची रेषा आखावी आणि थर्माकोलचा गाभा तिच्याही 10 मिमी आत कापावा.

गाभ्यासाठी दाट थर्माकोल घेऊन मानेत व पायांत लोखंडी सळई बसवावी. थर्माकोल विरघळवणारे सॉल्व्हंटयुक्त गोंद टाळावेत. वरून फायबरग्लासची जाळी गुंडाळून एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक वाळू यांचा गिलावा दोन थरांत द्यावा आणि तो ओल्या कापडाखाली सात दिवस ठेवावा.

तुकडे करताना संरक्षक चष्मा आणि धुळीचा मास्क लावावाच, कारण टाइलच्या धुळीत सिलिका असते आणि जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसे असू शकते. शिल्प कडाक्याच्या थंडीत उघड्यावर राहणार असेल, तर पाणी शोषणाऱ्या साध्या टाइलऐवजी व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. कापलेले तुकडे रंगाइतकेच त्यांच्या वळणानुसारही वेगळे करावेत. सपाट टाइल पाठीवर शोभते. पण खुरांजवळच्या आवळ गोलाईवर मोठा सपाट तुकडा कडेने उचलला जातो, तेथे तो 10 मिमीहून मोठा नसावा. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये वास्तुरचनाकार गाउदी यांनी वक्र पृष्ठभागांवर अनियमित तुकडे वापरले, त्यामागेही हीच सोय होती. बशीची कड मानेच्या कमानीवर आणि कपाचा कान घोड्याच्या कानाच्या जागी बसवता येतो. मूर्तीचे नवे रूप खऱ्या अर्थाने अशा निवडीतूनच साकारते.

चिकटवण्याचे काम डोळ्यापासून सुरू करावे. डोळ्याभोवती तुकड्यांच्या ओळी फिरवत त्या गालावरून मानेकडे, मानेवरून छातीकडे न्याव्यात. ओळींच्या या प्रवाहाला इटालियन भाषेत ‘आंदामेंतो’ म्हणतात आणि स्नायूंचा भास रंगापेक्षा त्यातूनच अधिक होतो. पांढरे, पॉलिमरयुक्त टाइल ॲडेसिव्ह एका वेळी तळहाताएवढ्या जागेवरच लावावे, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवरही त्याचा पातळ थर द्यावा आणि दोन तुकड्यांत 2 ते 3 मिमी फट ठेवावी.

किमान 24 तासांनी प्रत्येक तुकड्यावर नखाने हलकेच वाजवून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तो तुकडा काढून पुन्हा बसवावा, कारण ग्राउट, म्हणजे फटी बुजवण्याचे मिश्रण, भरल्यावर ही दुरुस्ती अवघड होते. टोकदार कडाही आताच पाणी लावून कार्बोरंडमच्या दगडाने घासाव्यात. ग्राउटसाठी मध्यम करडा रंग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पांढऱ्या ग्राउटमुळे गडद तुकडे सुटे सुटे दिसतात. ग्राउट हातमोजे घालून फटींत दाबून भरावे, जरा आवळू लागताच ओलसर स्पंजने तिरके पुसावे आणि वाळल्यावर उरलेली पांढुरकी झाक कोरड्या कापडाने काढावी. ते पूर्ण घट्ट होईपर्यंत मूर्ती हलवू नये आणि उचलताना मान किंवा कान न धरता पोटाखाली दोन्ही हात घालावेत.