गल्लीतला उकाडा मोजायचा कसा?
रत्नागिरी असो वा मालवण, मोबाईलवरचा आकडा तुमच्या गल्लीचा नसतो. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळा. सावलीत, दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब टांगा. जांभ्याच्या भिंतीला टेकवलेत तर भिंतच मोजाल! पाणी डिस्टिल्ड हवं. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्टीत साचतात आणि ओल्या पट्टीच्या थर्मामीटरचा आकडा चुकीने चढतो. दोन आकड्यांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट आणि घाम वाळणं कठीण.

मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा उशिरा पोचतो आणि किनाराही ३७ अंशांपुढे जातो. म्हणून वारा फिरल्याची वेळ लिहाच. पहाटेची नोंदही चुकवू नका: दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडतं.