मेल न घेणारं डोमेन: या चुका टाळा

वडगावच्या एका साडी दुकानदारांचा फोन आला. "दादा, पुण्याच्या पार्टीला बिल जाईना झालंय बघा. सकाळपासून तीनदा लावलं." परत आलेला मेल मी मागवला, तर तळाशी ५५६ ५.१.१० हा कोड. हा दिसला की पुन्हा पाठवू नका. समोरच्या डोमेनवर (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) मेल घेतलाच जात नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पार्टीच्या कार्डावर मेलचा पत्ता 'डॉट इन'चा होता, यांनी सवयीनं 'डॉट कॉम' टाकलेलं. ते डोमेन फक्त वेबसाइटपुरतं. कॉन्टॅक्टमधला पत्ता दुरुस्त केला, बिल पोचलं.

तुमच्याकडेही असं नुसतं वेबसाइटचं डोमेन असेल, तर एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारी) काढून टाकली की मेल बंद झाला, असं समजू नका. एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर थेट वेबसाइटच्या सर्व्हरचं दार वाजवतो. तिथं कुणी मेल घेत नसेल, तर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो, आणि गिऱ्हाईक तुमच्या उत्तराची वाट बघत बसतं. म्हणून 'नल एमएक्स', म्हणजे 'इथं मेल घेत नाही' असं सांगणारी नोंद, लावावा: प्राधान्य ०, सर्व्हरच्या जागी फक्त एक टिंब. २०१५ च्या आरएफसी ७५०५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये हा नियम आला. पत्ता चुकलेल्याला लगेच कळतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र जुन्या एमएक्स नोंदी आधी काढा. टिंबाची नोंद एकटीच असायला हवी.

सगळ्यात महागात पडणारी चूक माझ्याच हातून झाली. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांच्या डोमेनवर मी टिंब लावलं, पण त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर त्याच डोमेनवरून मेल पाठवायचं, हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी बिलं परत यायला लागली, कोड ५५० ५.७.२७. ज्या डोमेनला उत्तर किंवा बाउन्स (न पोचलेल्या मेलची सूचना) परत धाडता येत नाही, त्याचा मेल घ्यायला बरेच सर्व्हर नकार देतात. टिंब काढून जुना एमएक्स परत घातला, तरी डीएनएसचा (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे साठून राहण्याची मुदत, संपेपर्यंत थांबावं लागलं. 'नोरिप्लाय' पत्त्यालाही हेच लागू: उत्तर वाचायचं नसलं तरी त्या डोमेनला मेल घेणारा सर्व्हर ठेवा.

डोमेनवरून मेल जातही नसेल, तर एसपीएफमध्ये (या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या नोंदीत) 'व्ही=एसपीएफ१ -ऑल', म्हणजे 'कुणालाच परवानगी नाही', असं घाला, म्हणजे तुमच्या नावानं खोटी बिलं फिरवणाऱ्याला आळा बसतो. काही होस्टिंगच्या पॅनलमध्ये नुसतं टिंब स्वीकारलं जात नाही. तिथं त्यांच्या सपोर्टकडूनच नोंद करून घ्या.