आईच्या आईची आई शोधायची कशी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३५ वर्षं शिकवलं, आता उदगीरला असते, वय ७२. मला जुनं अक्षर वाचता येतं हे गावात माहीत आहे, म्हणून २०२३ पासून, म्हणजे अंतरवाली सराटीचं उपोषण झालं आन् कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून, आठवड्यातून दोन-तीन पोरं तरी झेरॉक्स घेऊन दारात येतात, बाई जरा बघा खापरपणजोबाचं नाव नीट लागतंय का. मी वाचून देते. पण एवढ्या दिवसांत एकाही पोरानं विचारलं नाही की बाई, माझी खापरपणजी कोण होती, कुठल्या गावची होती. जात पडताळणीला बापाकडचीच वंशावळ लागते त्यामुळं त्यांचा दोष नाही, पण अर्धं घराणं कागदावर येतच नाही हे मला लई लागतं. मी माझ्या आईच्या आईची आई शोधली, त्याला दीड वर्ष लागलं, ते कसं केलं ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

सगळ्यात आधी कागद नाही आन् डीएनए पण नाही, आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. आजच जा. माझी मावशी ८८ वर्षांची आहे, तिला समोर वही घेऊन बसून "तुझ्या आज्जीचं नाव सांग" म्हणलं तर ती गप्प बसली, मग मी तिच्याबरोबर मेथी निवडायला बसले तेव्हा हळूहळू निघालं. साल विचारू नका, म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नसतं, घटना आठवते. लग्न रझाकारीच्या आधी का नंतर, मूल बहात्तरच्या दुष्काळात मांडीवर होतं का चालत होतं, असं विचारा. मावशी म्हणाली आज्जी मानमोडीत पोरकी झाली. मानमोडी म्हणजे १९१८ ची ती तापाची साथ, एका शब्दात मला साल मिळालं. दुसरं, बाईची दोन नावं विचारा, माहेरचं आन् सासरचं, कारण लग्नात नाव बदलायचे, आन् घरात तर तिला नावानं हाक पण नसायची, देवणीवाली, हंडरगुळीवाली असं माहेरच्या गावावरून म्हणायचे. ते गाव लिहून घ्या, पुढं नावापेक्षा गावच कामाला येतं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, बाया ओवीत भावाचं नाव आन् माहेरचं गाव घालायच्या. मावशीच्या ओवीत दर दोन ओळीला भालकी यायचं, बीदरकडचं गाव.

मग ट्रंक उघडा. लग्नपत्रिका आन् आहेराची वही, या दोन गोष्टी लोक रद्दीत देतात, देऊ नका. आहेराच्या वहीत कुणी लुगडं दिलं, कुणी सव्वा रुपया दिला ते गावासकट असतं, आन् मामाकडचा आहेर वेगळा लिहिलेला असतो, बाईच्या माहेरचा एवढा सरळ पुरावा सरकारी दप्तरात कुठंच नाही. ज्यांच्या घरी कायच उरलं नाही त्यांचं पण मला माहीत आहे. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ ला, माणसंच गाडली गेली तिथं ट्रंकांचं काय घेऊन बसलात, आन् १९७८ ला नामांतराच्या वेळी ज्यांची घरं जाळली त्यांचे कागद पण जळाले, आज त्यांना कुणी पुरावा दाखवा म्हणलं की मला गलबलून येतं. अशांनी शाळेचं जनरल रजिस्टर बघावं, प्रवेश-निर्गमचं, जुन्या गावच्या शाळेतलं.

सरकारी कागद शोधताना मराठवाड्यात एक अडचण आहे ती नीट समजून घ्या नाहीतर चपला झिजतील. आपण देशाबरोबर १५ ऑगस्टला स्वतंत्र झालो नाही, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामातून सुटलो, मग १९५६ ला हैदराबाद स्टेटचे तुकडे झाले आन् १९६० ला महाराष्ट्र. दिल्लीत नकाशावर रेघ ओढली की इथं गावाचं दप्तर जिल्हा बदलतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले, १९८२ ला लातूर झालं. किनवट आदिलाबादेत होतं. जालना १९८१ पर्यंत जिल्हाच नव्हता, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. तर आधी गावाचा तालुका-जिल्हा त्या-त्या साली काय होता ते लिहून काढा, मगच अर्ज करा. मागायचं काय, तर जमिनीचं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्क नोंद पत्रक, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, आन् जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४. कागदावर फसली साल, म्हणजे निजामाच्या काळचं महसुली साल, असलं तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन येतं, एखादं वर्ष इकडंतिकडं. फसली १३४७ म्हणजे १९३७-३८. उर्दू घसटीत लिहिलेलं असतं, गूगलच्या भरवशावर राहू नका, मशिदीजवळ कुणीतरी जुने मौलवी असतात, मला ज्यांनी वाचून दिलं त्यांनी पैसे पण घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. मला आता बातम्यांत रोज कोण कुणाच्या ताटातलं ओढतंय हेच दिसतं तेव्हा मला ते मौलवी आठवतात, आमच्या घराण्याचं नाव आम्हाला वाचून दाखवणारे.

वंशावळी सांगत फिरणारे हेळवी विसरू नका, कर्नाटकाच्या कडेला अजून येतात, कुळी सांगतात. आन् नाशिक-त्र्यंबकला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा, आपल्या घराण्यातलं कोण कधी आलं त्याच्या सह्या असतात.

आता डीएनए. भाचीनं ऑनलाइन किट मागवलं. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाला जातो, बाईत नसतोच, म्हणून मला बापाकडचं बघायचं तर भावाचं किंवा चुलत भावाचं सॅम्पल लागेल. मायटोकॉन्ड्रिया आईकडून सगळ्या लेकरांना, पण पुढं फक्त लेकी देतात. आन् बाकीचा डीएनए निम्मा आईचा निम्मा बापाचा, दर पिढीला अर्धा होत जातो. म्हणून सॅम्पल सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं घ्या, तुमचं नंतर. मावशीचं पहिलं सॅम्पल वाया गेलं कारण तिनं सकाळी मिश्री लावली होती आन् मला कळलंच नाही, सहा आठवडे गेले. अर्धा तास आधी चहा, पाणी, तंबाखू, मिश्री काही नाही. म्हाताऱ्या माणसाला थुंकी सुटत नाही, दुसऱ्या वेळेला मी तिचे गाल बाहेरून हलके चोळले, मग नळी भरली.

रिपोर्टमधल्या टक्क्यांवर वेळ घालवू नका, अमुक टक्के दक्षिण आशिया वगैरे, तो अंदाज असतो. आन् हाप्लोग्रुपवरून, म्हणजे डीएनएवरून पाडलेल्या पूर्वजांच्या गटावरून, जात कळते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, एकच गट शेजारच्या चार जातींत सापडतो, एम नावाचा आईकडचा गट तर निम्म्याहून जास्त भारतात आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या लालजी सिंग, थंगराज यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर दाखवलंय की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं सगळे एकमेकांत मिसळले आन् मग जातीबाहेरची लग्नं बंद झाली. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजायचं ठरलंय, ती मोजणी व्हावीच, कुणाच्या वाट्याला किती हे आकडा असल्याशिवाय कळत नाही, पण ते रक्ताचं माप नाही. जात पडताळणीत डीएनए चालत पण नाही, त्यासाठी पैसे घालू नका.

बघायचं काय तर मॅच, किती सेंटीमॉर्गन जुळतात, सेंटीमॉर्गन म्हणजे जुळणारा डीएनए मोजायचं माप. सख्खी चुलत-मामे भावंडं सरासरी ८५० च्या आसपास, त्यांची लेकरं एकमेकांशी २३० च्या आसपास. पण आपल्याकडं मामाची पोरगी करतात, साटंलोटं होतं, त्यामुळं आकडा फुगतो आन् साइट लांबचं नातं जवळचं दाखवते. दोन पिढ्यांतली अशी लग्नं आधी कागदावर मांडा, मग आकडा वाचा.

मावशी सांगायची की तिच्या आज्जीची एक बहीण भालकीकडंच राहिली. तिची नात, लेकीची लेक, हुडकली, आता कन्नड बोलतात, ५६ च्या रेघेनं त्या कर्नाटकात गेल्या. समजावून, विचारून त्यांचं सॅम्पल घेतलं. त्यांचं आन् मावशीचं २४८ जुळलं, माझं आन् त्यांचं ९७. दोघींचा मायटोकॉन्ड्रियाचा उपगट पण तोच. उपगट वेगळा आला असता तर आज्जी आन् भालकीची ती बहीण सख्ख्या बहिणी नव्हत्या हे पक्कं झालं असतं, सारखा आला म्हणजे शक्यता आहे एवढंच, पण आकडा, ओवी आन् मानमोडी तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत होते.

विचारल्याशिवाय कुणाचं सॅम्पल घेऊ नका. तुमचा डीएनए म्हणजे तुमच्या भावंडांचा पण अर्धा, आन् कधीकधी बाप वेगळा निघतो, ते पचवायची तयारी घरात आहे का ते आधी बघा. नाव टोपण टाका, डेटा पुसायची सोय आहे का वाचून घ्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या टेस्टिंग कंपनीनं दिवाळं काढलं तेव्हा लाखो लोकांना हाच घोर लागला.

व्हिडिओ कॉलवर भालकीच्या बाईंनी नाव सांगितलं. आमच्याकडं ती लक्ष्मीबाई, तिकडं गंगव्वा. मी वहीत दोन्ही लिहिली, गावासकट. तिच्या आईची जागा अजून रिकामी आहे. मावशी म्हणते कार्तिकात भालकीला जाऊ, तेव्हा ऊन कमी असतं.